सपाट माल तळाशी

आमच्या शेजारच्या पेटीमास्तरांनी जगाच्या सफरीची बॅग एकोणीस दिवस भरली. वीस म्हणणारेही आहेत, पण लोकांना वाढवून सांगायची सवयच असते.

मास्तर पेटी वाजवायचे नाहीत, भरायचे; चाळीस वर्षं बंदरावरच्या गोदामात माल बांधायचे. एकदा त्यांनी अख्खा पियानो शिलाई मशीनच्या खोक्यात बसवला होता. पलीकडे उघडला तेव्हा सूर जरा खाली लागला, एवढंच. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, स्टेशनात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायच्या. एकतीस वर्षं कुठून कुठून आलेल्या लोकांना त्यांनी बॅगा परत दिल्या, पण स्वतः कधी चौथ्या स्टेशनापुढे गेल्या नाहीत. निवृत्तीच्या दिवशी घरी आल्या आणि चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "अहो, मी जग बघायला चाललेय. येताय का?"

चौदा महिने, एकवीस बंदरं, बोटीची दोन तिकिटं. मास्तर म्हणाले, "सामानाचं माझ्यावर सोड."

वहिनींनी सोडलं.

मास्तरांनी बुटांत मोजे भरले, मोज्यांत पेले, पेल्यांत औषधाच्या बाटल्या आणि बाटल्यांच्या मधल्या फटींत शर्टाची बटणं. सहा घोंगड्या पिळून त्यांनी रुमालाएवढ्या केल्या. रोज संध्याकाळी वहिनींचा भाऊ चहाला यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "भावजी, ताईलापण आतच बसवा की! एक तिकीट वाचेल."

"बघितलं बसवून," मास्तर मान वर न करता म्हणायचे. "कोपरं आड येतात."

निघायच्या दिवशी सकाळी बॅगेचा खटका लागला. टॅक्सी चारला यायची होती, बोट सहाला सुटायची होती. मी सामान खाली न्यायला हात लावावा म्हणून गेलो होतो. वहिनी स्टुलावर बसल्या आणि खिडकीवरच्या आवाजात म्हणाल्या, "बॅग मागायला आलेल्याला मी एकच विचारायचे. आत काय आहे? सांगता आलं नाही, तर बॅग नाही. सांगा."

मास्तरांना तेच हवं होतं. डोळे मिटून त्यांनी वरच्या थरापासून सुरुवात केली. एकही जिन्नस चुकला नाही. चारशे तेरापर्यंत येईतो त्यांच्या मेहुण्याची एक डुलकी काढून झाली होती.

"आणि तळाला सपाट माल. एक ट्रे, बुद्धिबळाचा पट, दोन पासपोर्ट. झाले चारशे सतरा."



"शेवटचं काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"पासपोर्ट. सपाट माल नेहमी तळाशी. दुमडत नाही."

"अहो, ते बोटीवर चढताना दाखवायचे असतात!"

मास्तरांचा चेहरा पडला. गोदामात चाळीस वर्षं काढली, पण बांधलेला माल पोचण्याआधी कोणाला उघडायला लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काढा मग," मेहुणा म्हणाला.

"मधलं एकच काढता येत नाही. सगळं ओळीने बाहेर येतं. पुन्हा भरायला एकोणीस दिवस." मास्तर बायकोकडे वळले. "अगं, पुढच्या बोटीने गेलो तर?"

"एकतीस वर्षं लोक त्या खिडकीपुढून गेले आणि मी आत बसून राहिले," वहिनी म्हणाल्या. "पुढची बोट तुमची तुम्ही धरा. मी चारला टॅक्सीत बसणार. हातात पासपोर्ट असला तर बोटीवर चढेन, नसला तर धक्क्यावर उभी राहीन. परत मात्र येणार नाही."

त्यांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढून मांडीवर घेतली.

मास्तरांनी बॅगेवरून हात फिरवला. असं काम त्यांच्या हातून पुन्हा होणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मग त्यांनी खटका दाबला.

पहिला टॉवेल छताला लागला. बारापर्यंत सोफा दिसेनासा झाला. एक वाजता घोंगड्या फुगल्या आणि मेहुणा भिंतीशी असा दाबला गेला, की त्यानंतर त्याचा फक्त आवाज होता. "भावजी, मी कितव्या थरात आलो?" असं तो अधूनमधून विचारायचा. तीनला सामान जिना उतरायला लागलं. मास्तर एकेक जिन्नस काढून माझ्या हातात देत होते, तोही झटकून, नीट घडी घालून. वहिनी पायाशी येईल त्यातलं लागेल तेवढं उचलून पिशवीत टाकत होत्या. दोघांचे दोन-दोन जोड कपडे, कंगवा, औषधं, मास्तरांचा जाडा चष्मा. पावणेचारला पासपोर्ट निघाले. ते इतके दाबले गेले होते, की मास्तरांच्या मिश्या वहिनींच्या फोटोवर उमटल्या होत्या. बंदरावरच्या साहेबाने फोटो पाहिला, वहिनींकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला. विचारायची त्याची हिंमत झाली नसावी.

मेहुण्याला आम्ही तिसऱ्या दिवशी खिडकीतून काढला.

परवा अकराव्या बंदरावरून वहिनींचं पत्र आलं. प्रकृती उत्तम. पिशवी अजून एकच आहे. 'हे रोज सकाळी विचारतात, पिशवी एकदा काढून पुन्हा भरू का? मी रविवारी भरू देते.'