तेरवीपर्यंत चालू ठेवलेलं मशीन

कुलूपबंद खोलीत मशीन किरकिरलं आणि आमगावच्या धान सोसायटीच्या आवारात शे-दीडशे माणसांनी एकदम हात जोडले. खिडकीच्या गजांतून दिसत होतं: आत कोणी नाही, उदबत्ती जळते आहे, आणि नऊ दिवसांपूर्वी वारलेल्या सोसायटीच्या कारकुनाच्या, शालिकराम बाबूंच्या प्रिंटरमधून कागद सरकत बाहेर येतो आहे. बाबूंची बायको भागीरथाबाई गज धरून उभी होती.

"देखा? बाबू अभी गया नहीं," मौनगिरी महाराज म्हणाले. मौन काय ते नावातच. "आत्मा को ऑपरेटर नहीं लगता, वायर नहीं लगता. कोई दरवाजा मत खोलना."

ऑपरेटर दीप्ती त्या खोलीबाहेर, ओसरीवरच्या आपल्या टेबलाशी बसली होती. बाळंतपणाची रजा संपवून ती दोनच दिवसांपूर्वी कामावर आली होती. मागे लुगड्याच्या झोळीत तीन महिन्यांची लेक निजली होती. दीप्तीचा प्रिंटर मुका, बाबूंचा बोलका. महाराजांचं निदान झालं होतं: बाळंतिणीची सावली पडली, आत्मा खवळला. सेक्रेटरी चैनलालना ते लगेच पटलं. न पटायला डोकं लागतं.

"दीप्तीबाई, उद्यापासून येऊ नका. लोक भिऊन राहिले."

"लोक भिऊन राहिले, का तुम्ही?"

चैनलालनी चष्मा पुसायला काढला.

दीप्तीने झोळीला हलका झोका दिला. ही नोकरी गेली की लेकीला बांधावर निजवून दुसऱ्याच्या चिखलात रोवणी करायची. पण दोन दिवस तिने एक गोष्ट टिपली होती. तिने एंटर दाबलं की तिकडे किरकिर व्हायची. महाराजांचे डोळे तेव्हा मिटलेले असायचे, पण पुरते नाही. फटीतून नजर तिच्या बोटावर. बोट खाली आलं की हे गरजायचे, "बोल, शालिकराम!"

"महाराज, आत्म्याले वायर नाही लागत ना?"

"बिलकुल नहीं."

"मंग बोलवा." तिने दोन कॉम्प्युटरांना जोडणारी निळी वायर उपटली आणि एंटर दाबलं.

महाराज गरजले. पुन्हा गरजले. लिंबू फेकलं. राख उधळली, ती त्यांच्याच नाकात गेली. मशीन ढिम्म.

"आत्मा नाराज है," ते शिंकत म्हणाले.

"वायर नाराज हाय म्हना," मागून कोणीतरी बोललं. आवारात हशा पिकला.

दीप्तीने वायर परत खोचली, सेटिंग उघडली आणि चैनलालना मोठ्याने वाचायला लावली. तिच्या रजेत तिचा प्रिंटर दुरुस्तीला गोंदियाला गेला होता. तेव्हा बाबूंनीच तिच्या कॉम्प्युटरचा प्रिंटर पोर्ट, म्हणजे कागदावर मजकूर पाठवायचा रस्ता, नेटवर्कमधून आपल्या प्रिंटरकडे वळवला होता आणि 'सुरू करताना दर वेळी असंच जोडा' या चौकटीत खूण केली होती. प्रिंटर परत आला, खूण तशीच राहिली. पावत्यांचा जुना प्रोग्रॅम तो एकच रस्ता ओळखायचा.

"पण बाबूचं मशीन चालू काऊन होतं?" चैनलालनी विचारलं.

"तुम्हीच तं सांगितलं, तेरवीपर्यंत बंद करायचं नाही. दिव्यासारखं," दीप्ती म्हणाली.

चैनलालनी कुलूप काढलं. आतले कागद दोन दिवसांत कोणी वाचलेच नव्हते. सगळ्या दीप्तीनेच काढलेल्या धानाच्या पावत्या: पोती, वजन, ओलावा.

दीप्तीने वळवलेला पोर्ट सोडवला. या वेळी तिच्याच टेबलावरचा प्रिंटर किरकिरला. लेक दचकून रडू लागली. तिला छातीशी घेऊन दीप्ती जमलेल्यांना म्हणाली, "नाही समजलं तं विचारा, तपासा. उगाच भूत नका बसवू. ते आधी गरिबाच्या पोटावर बसते."

लोक महाराजांकडे वळले, तोवर तिथे फक्त चपला उरल्या होत्या.

भागीरथाबाई आत गेली. नवऱ्याच्या मशीनवर क्षणभर हात ठेवला आणि बटण दाबून ते बंद केलं.

"जिते होते तवा बी कामातून सुटले नाही. आता तरी निजू द्या त्यायले."