गुलमर्ग, औली आणि घरचे दाणे

“मेलं ते गुलमर्ग आणि मेली ती औली,” दक्षा भारतीच्या कानाशी पुटपुटली आणि तुरीची शेंग तिने अशी मोडली की दाणे चुलीमागे उडाले. “पायांना फळ्या बांधून घसरायचं, त्यासाठी तीन रविवार भांडण! घसरायचंच असेल तर आमच्या मोरीत या म्हणावं, वहिनी. फुकटात.”

भारती हसली, पण हळूच. ओटीवरचं बोलणं तिला ऐकू यायला हवं होतं.

ओटीवर तिचा नवरा नितीन आणि दक्षाचा नवरा अमृत एका मोबाइलवर डोकी टेकवून बसले होते. अमृतचा जीव गुलमर्गवर, कारण तिथे डोंगरावर नेणारा पाळणा होता. नितीनचा हट्ट औलीचा. तिकडे वाटेत देवस्थानं, म्हणजे गावात यात्रा म्हणून सांगता येतं. आज मात्र अमृत डहाणूहून उधव्याला, सासुरवाडीला आला तोच हत्यारं टाकून.

“चला, औली तर औली. आत्ताच बुकिंग करून टाकतो.”

नितीनचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

“तसं नाय, दाजी. औलीला बर्फ कधी पडतो, कधी नाय पडत. तुमचं गुलमर्ग काय वाईट नव्हतं.”

“मागच्या रविवारी मी हेच बोललो, तेव्हा मला वेड्यात काढलंत!”

“तेव्हा मी विचार नव्हता केला.”

“आणि त्याच्या मागच्या रविवारी?”

“तेव्हा जास्त केला होता.”

भारतीने सूप बाजूला ठेवलं. नाताळानंतरची आठ दिवसांची रजा तिने मुख्याध्यापकांकडून कशी मिळवली ते तिचं तिला ठाऊक. बावीस वर्षं ती जिल्हा परिषदेच्या शाळेत हिमालय शिकवत होती. एकदा मुलांना बर्फ दाखवायचाच म्हणून तिने धाकट्या डहाणूच्या बंदरावरून मासळीच्या पेटीतला बर्फ डब्यात भरून आणला. वर्गात पोचेतो निम्मा वितळला. उरलेल्यावर नाक टेकवून चिमी नावाच्या मुलीने विचारलं, “बाई, हिमालयाला बोंबलाचा वास येतो?” वर्ग हसला. बाईही हसल्या. पण त्या दिवसापासून तिला खरा बर्फ बघायचा होता. हातात घेऊन, वास घेऊन.

नितीन दर रविवारी मोडता का घालतो, ते तिला कळत होतं. घरात सगळ्यांनाच कळत होतं. गेल्या उन्हाळ्यात अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो भाच्यांना दाखवायला म्हणून ताडावर चढला आणि चढला त्याहून लवकर खाली आला. दोन महिने प्लॅस्टर. मग त्याने पाय बरा झाल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. त्यानंतर ताडाचा विषय घरात निघत नसे. परसातल्या ताडालासुद्धा आता सगळे ‘ते झाड’ म्हणत.

“जिव्याला बोलवा,” दारात बसलेली सासू, सुकी म्हणाली. “दाणे बघू दे. माणसांचं जमत नाय तर दाण्यांचं तरी जमेल.”

जिव्याकाका म्हणजे सुकीचा दीर, गावचा भगत. शेजारच्याच पाड्यात राहायचा. तो आला, चहा प्याला, सुपापुढे बसला. चिमटीने तांदळाचे दाणे उचलायचे, जोडीजोडीने लावायचे. सगळे जोडीत बसले तर होकार, एक सुटा उरला तर नकार. गुलमर्गला एक उरला. औलीला एक उरला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. काकाने एक दाणा डोळ्यांजवळ नेला.

“हा अर्धाच आहे. याला दाणा धरू का तुकडा? पोरी, तांदूळ कुठला दिलास?”

भारतीने जीभ चावली. पाहुण्यांच्या पुलावासाठी आणलेला बासमती हाताशी होता, घाईत तोच तिने सुपात ओतला होता.

“दुकानाचा? याला आपलं घर काय ठाऊक!”

“हा उत्तरेचा आहे, काका,” अमृत म्हणाला. “बर्फाचं आपल्यापेक्षा यालाच जास्त ठाऊक.”

“मग त्यालाच पाठवा,” काका म्हणाला. “मला घरचा तांदूळ पायजे. या सालचा. घरातल्या मोठ्या मुलाने आणायचा.”

घरचा तांदूळ माळ्यावर होता. माळ्याला शिडी होती.

नितीनने शिडीकडे पाहिलं. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“माळ्यावर विंचू निघाला होता ना काल?” दक्षा घाईने म्हणाली.

“ती शिडीच हलते,” अमृत म्हणाला. “मी मघाशीच बघितलं.”

“पांढरी पँट आहे त्याची,” सुकी म्हणाली. “मळेल.”

“हो, मळेल,” नितीन म्हणाला.

भारतीने पदर खोचला आणि पाच पायऱ्या चढून ती वर गेली. विंचू नव्हता. शिडी हलली नाही. पदरात ओंजळभर तांदूळ घेऊन ती खाली आली, तेव्हा काकाने सूप रिकामं करून तिच्याकडे सरकवलं.

“आणलेस तू, आता तूच विचार. पण नीट विचार, पोरी. मनात एक नि तोंडात एक असलं की जोड लागत नाय.”

“मोठ्या मुलाने ना, काका?” अमृतने विचारलं.

“जो चढतो तो मोठा,” काका म्हणाला.

भारतीने तांदूळ सुपात सोडला. बोटांना कोंडा लागून राहिला.

“गुलमर्ग बरं, की औली?” तिने विचारलं.

काकाने चिमटी उचललीच नाही. हात मांडीवर ठेवून तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. नितीन पँटवरून काहीतरी झटकत होता. पँटवर काहीच नव्हतं.

“मला कुठलंही चालेल,” भारती म्हणाली. तिचा आवाज आपोआप वर्गातला झाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “यांचा पाय अजून बरा नाही. बर्फात यांना जमणार नाही. आणि तरी मला जायचंय.”