पंखावरचं नाव

"अहो, फॅन बंद करा आधी! आणि शिंकायचं असेल तर गॅलरीत जा."

एप्रिल महिना, कोथरूडमधला सर्वांत वरचा मजला, आणि फॅन बंद. का, तर आमच्या जेवणाच्या टेबलावर विमान तयार होत होतं. बाल्सा नावाचं ते लाकूड इतकं हलकं, की मी नुसता सुस्कारा टाकला तरी पंखाच्या दोन-चार फासळ्या टेबलाखाली.

"या घरात माणसानं श्वास घ्यायचा की नाही?" मी घाम पुसत विचारलं.

"घ्या की. सोडू नका," विजयमाला म्हणाली.

आम्ही दोघं मूळचे नांदेडकडचे. पुण्यानं मला टपाल खात्यातली नोकरी दिली, हिला टोमणे मारायला शिकवलं. लक्ष्मी रोडला ब्लाउजपीस आणायला म्हणून गेली आणि हे खोकं घेऊन आली. पूर्वी परदेशी वस्तू कुणीतरी बॅगेत लपवून आणायचं, आता दुकानात राजरोस मिळतात. खोक्यात पातळ फळ्या, रबराची लांब दोरी, पतंगाच्या कागदाहून पातळ कागद आणि घडी घातलेलं मोठं ड्रॉइंग. ते उलगडलं मात्र, बाईसाहेब स्वयंपाक विसरल्या. त्या रात्री मी दूधपोहे खाल्ले.

विजयमाला एका पंपाच्या कारखान्यात ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलीनं काढायचं आणि हिनं ते शाईनं गिरवायचं, तीस वर्षं. अक्षर असं, की लोक छापील समजायचे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात साहेबाचं अख्खं नाव आणि त्याखाली बोटाएवढ्या चौकटीत हिची तीन अक्षरं : व्ही. एन. के. मग कॉम्प्युटर आले आणि सगळ्या ट्रेसर लोकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नये.

"एवढा कसला सोस गं?" मी एकदा विचारलं.

ती फासळी कापत होती. शाईची चुकलेली रेघ खरवडायचं तेच जुनं ब्लेड हातात. "तीस वर्षं पंप काढले हो. त्यातला एकही फिरताना पाहिला नाही. आता माझ्या हातचं काहीतरी उडताना बघायचंय मला. बस."

मी गुपचूप गॅलरीत जाऊन शिंकलो.

शेवटी कागद चिकटवून झाला. तिनं वरून पाण्याचा फवारा मारला आणि वाळल्यावर तो डफासारखा ताणून बसला. आता विमान हरवलं तर सापडावं म्हणून पंखावर नाव लिहायचं होतं. इथं माझा अधिकार! मी म्हणालो, "पूर्ण पत्ता घाल, पिनकोडसकट."

"शाईलाही वजन असतं," ती म्हणाली. नुसता फोन नंबर लिहिला. नाव मात्र तिनं पूर्ण लिहिलं : विजयमाला नागोराव कल्याणकर. तीन अक्षरांत आटपलं असतं, पण वजनाची आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही.

रविवारी म्हातोबाच्या टेकडीवर चढलो. तांबडं फुटताच, वारा पडलेला असताना जायचं ठरलं होतं. माझा चहा, पेपर आणि दुसरा चहा होईस्तोवर दहा वाजून गेले. वर घारी घिरट्या घालत होत्या.

"काडेपेटी द्या," ती म्हणाली.

विमानाच्या शेपटाशी तिनं उदबत्तीचा तुकडा लावला होता. दोन मिनिटांत तो जळत शेपूट धरून ठेवणाऱ्या दोऱ्यापर्यंत येणार, दोरा तुटून शेपूट वर उचकणार आणि विमान अलगद खाली बसणार. नाहीतर तापलेली हवा ते वर घेऊन जाते. सगळं काम हिचं, माझ्याकडे फक्त काडेपेटी. मी खिसे चाचपले. चष्मा, रुमाल, बसचं जुनं तिकीट.

"धन्य आहे तुमची!" ती कडाडली. मग घारींकडे बघत राहिली. "पंख न हलवता वर चाललीय बघा ती. असू दे. धरा विमान."

"अगं, परत यायचं नाही! तीन महिने घातलेस."

"धरा म्हणते ना!"

मी धरलं. तिनं नाकावरचा पंखा फिरवणारं रबर ओढून हातड्रिलनं पीळ द्यायला सुरुवात केली. दोनशे. अडीचशे. तीनशे! तिनं विमान डोक्यावर घेतलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि सोडलं.

आईशप्पथ, उडालं हो! भुर्रर्र करत चढलं, पीळ संपला, पंखा थांबला, आणि तरीही चढतच राहिलं. घारीच्या घिरटीत शिरलं. मी या वयात टेकडीवर नाचलो. "गेलं! विजू, गेलं बघ!" खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं. ती मात्र कपाळावर हात धरून ताठ उभी. सिंहगडाच्या बाजूला ठिपका दिसेनासा झाला, तेव्हा म्हणाली, "किती वाजता सोडलं?"

"दहा अठराला."

पुढचे तीन दिवस ती सारखी गॅलरीत जाऊन सिंहगडाकडे बघायची. टेबल रिकामं होतं, तरी फॅन लावायची माझी हिंमत होईना.

बुधवारी फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा, की मला खुर्चीत ऐकू आला. "धायरीवरनं सोजरबाई बोलतीया. विजयमाला नागोराव कल्याणकर तुमीच का वो?"

विजयमालानं पदर सारखा केला. फोनवर! "हो. मीच."

"तुमचं इमान हाय हितं. रविवारी गोठ्याच्या पत्र्यावर पडलं. फोन कराया आज घावला बघा. येक पंख मोडलाय, पर नावाचा हाय तसा हाय. छापून घेतलंया का नाव?"

"नाही. हातानं लिहिलंय. मी." मग तिनं विचारलं, "किती वाजता आलं हो ते?"

"कंपनीचा अकराचा भोंगा व्हाया आन् त्ये पडाया येकच गाठ पडली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. बेचाळीस मिनिटं!

"घिऊन जावा की मंग."

"येऊ आम्ही. पण न्यायला नाही, बघायला," विजयमाला म्हणाली. "नाव दिसेल असं लावून ठेवाल का भिंतीवर?"

रिसीव्हर ठेवून ती टेबलाशी येऊन बसली. पदरानं डोळे पुसले, मग गळा.

"किती उकडतंय," ती म्हणाली. "फॅन लावा ना, अहो."

मी लावला. टेबलावरून उडून जाईल असं आता काही नव्हतं.