तीन पाण्यांची चादर

"साहेब, त्या पोरीच्या पाठीवरचे चट्टे तुमच्या हुकमानं उठलेत."

दवाखान्याच्या धुलाईघरातली मावशी एवढं बोलली आणि हातातली पाण्याची बादली तिनं कारभार बघणाऱ्या साहेबांच्या टेबलाशेजारी ठेवली. ती पोर म्हणजे तिच्या लेकीची लेक. पाय मोडला म्हणून मुलांच्या वॉर्डात पडलेली. हाड जुळत आलं, पण पाठ लालभडक झाली, खाजवून खाजवून रक्त निघालं. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅलर्जी. खाणं बदललं, मलम बदललं. चादर तर रोजच बदलत होती, आणि रोज मावशीच्याच हातची येत होती.

सहा महिन्यांपूर्वी साहेबांच्या हुकमाचा कागद धुलाईघराच्या भिंतीवर लागला होता. त्याआधी रक्ताचे डाग पहिल्यांदा गार पाण्यात भिजायचे, कारण गरम पाणी लागलं की रक्त सुतात घट्ट बसतं. मग धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे मरावेत म्हणून कढत धुलाई. शेवटी तीन स्वच्छ पाण्यांतून चादर निघायची. कागदानं गार भिजवण बंद केली आणि तीन पाण्यांचं एक केलं. वेळ वाचतो म्हणे.

डाग राहू लागले, तसे वॉर्डातून टोमणे सुरू झाले. "मावशी, या चादरी आहेत की नकाशे?"

मावशीच्या ते फार जिव्हारी लागलं. तीस वर्षांत तिच्या चादरीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं पावडर दुप्पट केली, वर ब्लीच ओतलं. चादरी बगळ्यासारख्या पांढऱ्या झाल्या. साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली. खुळी बाई, फुलून गेली! डाग डोळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांना त्याची लाज. सुतात अडकलेली पावडर कुणाला दिसते?

काल नात म्हणाली, "आजी, तुझी चादर चावते गं."

मावशी हसली. हसता हसता थांबली. तडक धुलाईघरात गेली, घडी केलेली चादर साध्या पाण्यात बुडवून पिळली. पाण्यावर फेस आला.

आत्ता साहेबांसमोर तिनं काखेतली धुतलेली चादर बादलीत बुडवून तेच करून दाखवलं.

"अहो, साबणाचा फेस आहे," साहेब म्हणाले. "विष थोडंच आहे?"

"साहेब, माझ्या वॉर्डात सात मुलं खाजवतायत," दारात उभी असलेली मोठी नर्स म्हणाली.

"आणि दुप्पट पावडर घालायला मी सांगितलं होतं का, मावशी?"

मावशीचा चेहरा उतरला. खरंच होतं ते.

"नाही. ती मी घातली. तुमच्या शाबासकीच्या हावेपायी माझ्याच नातीची पाठ सोलली मी. म्हणाल तिथं सही करून देते. माझं पावडरचं माप मी आज सकाळी खाली आणलं. तुमचा कागद अजून भिंतीवर आहे."

"बघू. वर विचारावं लागेल."

"वर कोण आहे, साहेब? वर गच्ची आहे. तिथं मी चादरी वाळत घालते."

नर्सनं तोंडावर हात धरला. साहेबांनी फोन उचलला, उगाचच.

"फोन खाली ठेवा," मावशी म्हणाली. "एक वाजता मशीन लागतंय. मुलांच्या वॉर्डातल्या चाळीस चादरी आहेत. एका पाण्यातून काढू की तीन? आधी ते बोला."