पाहणीपुरती चादर

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची चादर आहे. चांगली बारा वर्षांची. पण मला पाहून कुणी तसं म्हणणार नाही, कारण माझा एक धागाही विरलेला नाही. याचं मला कौतुक नाही, लाज वाटते.

एका तुरुंगातल्या हातमागावर माझा जन्म झाला. मला विणणाऱ्या कैद्याला सगळे मास्तर म्हणत. हात असा की जेलरसाहेबसुद्धा मागापाशी रेंगाळायचे. माझा निळा काठ मास्तरांनी दोनदा उसवून पुन्हा विणला. आता आपण कुणाच्या तरी थंडीला पुरून उरणार, म्हणून मी अगदी फुशारून गेले होते.

प्रत्यक्षात माझी रवानगी झाली तुरुंगाच्या दवाखान्यातल्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. पाहणी करायला सरकारी समिती यायची, तीही आधी पत्र पाठवून. त्या सकाळी शिपाईमामा कपाटातल्या आम्हा सगळ्या चादरींना खाटांवर पसरायचे. समिती आमच्यावरून हात फिरवायची, वहीत 'समाधानकारक' असा शेरा मारायची. मोटार फाटकाबाहेर पडली की आम्ही पुन्हा कपाटात. आजाऱ्यांच्या अंगावर उरायचं ते चाळणी झालेलं पांघरूण. खोटं कशाला सांगू, त्या कौतुकाने मीही हुरळून जायचे.

मग एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने खुद्द मास्तरच दवाखान्यात आले, आणि पाहणीच्या दिवशी मी नेमकी त्यांच्या खाटेवर पडले. काठ चाचपून त्यांनी मला ओळखलं. या खेपेला समितीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. ही चादर रोज मिळते ना, असं त्यांनी वाकून विचारलं. जेलरसाहेब त्यांच्या मागेच उभे होते. मास्तरांनी आधी साहेबांकडे पाहिलं.

"मिळते, बाई."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

समिती गेल्यावर शिपाईमामा मला उचलायला आले, तर मास्तर काठ सोडेनात.

"आजचा दिवस राहू दे की. मीच विणलीय ती."

"मोजून परत द्यायचीय, मास्तर. माझ्या पोटावर पाय देऊ नका," मामा म्हणाले आणि दुसरीकडे बघत त्यांनी मास्तरांची बोटं हळूच सोडवली.

चौथ्या दिवशी मास्तर गेले.

त्यांचं सामान न्यायला मुलगी आली. बाबांना थंडी सोसत नव्हती, पांघरायला नीट होतं ना, एवढंच तिने विचारलं. जेलरसाहेबांनी तिला वहीतला शेरा दाखवला आणि मला मागवून घेतलं. तिने मला गालाशी धरलं.

"निदान उबेत तरी गेले," ती म्हणाली.

शिपाईमामा खाली बघत राहिले. मला वाटलं, तिथल्या तिथे फाटून जावं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन अशा पाहणीला जाईल. न कळवता जा. आजाऱ्याशी बोलताना साहेबांना जरा बाहेर उभं करा. माझ्यावरून हात फिरवून खूश होऊ नका. आणि सगळं बघून झालं, निरोप घेतला, मोटार सुरू झाली, की खाली उतरा आणि परत आत या. तेव्हा खाटेवर जे दिसेल, ते लिहा.