डाग दिलेली फिरकी

मी एक जुनी फिरकी आहे. तुमच्या हातातली पतंगाची नव्हे, मासे पकडायच्या सरंजामातली. पितळेचं गव्हाएवढं पिंप आणि दोन्ही टोकांना एकेक कडी, एवढाच माझा देह. पुण्याचे साहेब लोक मला स्विव्हल म्हणतात. माझ्या दोन्ही कड्या आपापल्या फिरतात. खालच्या कडीला गळाचा चमचा, म्हणजे माशाला भुलवणारा चकचकीत पत्रा, अडकवला की तो पाण्यात गरगर फिरतो, पण त्याचा पीळ माझ्याजवळच थांबतो, वरच्या तंगुसापर्यंत, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीपर्यंत, जात नाही. फिरणं हेच माझं काम. आणि मित्रांनो, मी गेली बारा वर्षं एकदाही फिरलेली नाही. का, ते सांगते. सांगताना तोंड कडू होईल, त्याला इलाज नाही.

चौऱ्याण्णव साली एका साहेबांनी मला येडगावला आणलं. धरणाच्या काठी त्यांची पाण्याची मोटर जळाली होती, ती कुशाबानं भरून दिली. कुशाबा म्हणजे गावातला मोटर रिवायंडिंगवाला. साहेब खूश झाले आणि रीळ, काठी नि आमची डबी त्याला देऊन गेले. जाताना त्यांनी नीट समजावलं होतं. फिरणारा चमचा लावलात तर फिरकी हवीच. आमिषाचा लाकडी मासा नुसता डुलतो, त्याला तंगूस थेट बांधा, मात्र गाठीत जरा मोकळा फास ठेवा. गळ सारखे बदलायचे असतील तर स्नॅप वापरा, म्हणजे सेफ्टी पिनेसारखी उघडणारी कडी. आणि काहीही वापरा, गरजेपुरतं वापरा.

कुशाबानं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. साहेबांची जीप दिसेनाशी झाली आणि त्यानं लाकडी माशाच्या नाकात एक स्नॅप, त्याला एक फिरकी, तिला आणखी एक स्नॅप अशी माळ ओवली. मासा बिचारा नाक खाली घालून ओंडक्यासारखा ओढला जायचा. बघणारे म्हणायचे, "काय सामान हाय राव!" आणि कुशाबाची छाती फुगायची. त्या डबीत पडून हे बघताना मला शिसारी यायची. ज्याला नुसती एक गाठ पुरते, त्याला सोन्यानं मढवून काय उपयोग?

कुशाबाच्या तंगुसाच्या गाठी मारायचा चांदभाई. तो कुशाबाचा जुना दोस्त. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं बैलांच्या म्होरक्या, कासरे, वेसणी विकायचं दुकान. गाठ हाच त्याचा धंदा आणि गाठ हीच त्याची अब्रू. चांदभाईनं बांधलेली म्होरकी बैल म्हातारा होईतो सुटत नाही, असं पार डिंगोरे गावापर्यंतची माणसं सांगत. तंगुसाची गाठ तो थुंकीनं ओली करून मग आवळायचा. पहिल्यांदा मला किळस आली. पण ओली गाठ घासून जळत नाही, घट्ट बसते, हे लक्षात आल्यावर मी ती किळस गिळली.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर कुशाबाची बायको ठकूबाई टायफॉइडनं पडली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भाकरी पुढे केली की ती तोंड फिरवायची. एके दिवशी म्हणाली, "मरळीचा रस्सा असंल तर दोन घास खाईन." येडगावच्या पाण्यात मोठ्या मरळी होत्या आणि मरळ चमच्यावर झडप घालते. कुशाबानं चांदभाईला निरोप धाडला, उद्या पहाटे ये.

आणि त्याच दुपारी त्यानं मला डबीतून काढून चिमटीत हलवलं. माझ्या कड्या खुळखुळल्या. आता ज्याचं आयुष्य बेअरिंग बदलण्यात गेलं, त्याला खुळखुळ म्हणजे बिघाड. मोटरीत खेळ आला की ती जळते, हे त्याला ठाऊक. पण माझ्यात खेळ हवाच असतो, हे साहेबांनी सांगितलेलं त्याच्या कानावरून गेलं होतं. "लई ढिली झालीय," असं म्हणत त्यानं सोल्डरची सळई तापवली, राळ लावली आणि माझ्या दोन्ही टोकांना वितळल्या कथलाचे टचाटच डाग दिले; कड्या जागीच जाम झाल्या. मग फुंकर मारून म्हणाला, "आता कशी मजबूत झाली!"

पहाटे काठावर धुकं होतं. थंडीनं चांदभाईची बोटं बधिर झालेली. त्यानं मला घेतलं, खालच्या कडीत स्नॅपनं चमचा अडकवला, वरच्या कडीत तंगूस ओवला, थुंकी लावली, गाठ आवळली, दातांनी ओढून पाहिली. गाठ उत्तम होती. मी मात्र फिरते की नाही, हे त्यानंही पाहिलं नाही. खोटं का सांगू, तेवढं चुकलंच त्याचं.

कुशाबानं चमचा फेकायला सुरुवात केली. प्रत्येक फेकीला चमचा गरगर फिरे, त्याच्याबरोबर मी अख्खी ठोकळ्यासारखी वळे आणि सगळा पीळ तंगुसात चढे. मला ओरडावंसं वाटत होतं. चाळिसाव्या फेकीला पाणवेलीच्या कडेला मरळीनं घास घेतला. मोठी होती, चांगली हातभर. ती पळाली, पिळलेल्या तंगुसाला माझ्या वर दीड हातावर मुरड पडली आणि तो तिथं तटकन तुटला.

रिकामा तंगूस परत आला तेव्हा त्याचं टोक कुरळं झालेलं होतं. गाठ सुटली तरी टोक असंच वळतं. कुशाबानं ते चार माणसांना दाखवलं आणि ओरडला, "बघा! सुटली ह्याची गाठ! घरात बायको उपाशी हाय आन ह्यो दोस्त!" चांदभाई त्या टोकाकडे बघत राहिला. म्हणाला, "सुटायची न्हाई रे माझी गाठ..." पण त्याचं कोण ऐकतंय? हे आणि पुढचं सगळं मला नंतर ऐकून कळलं, कारण मी तोवर मरळीच्या तोंडात होते.

मरळीनं बुडालेल्या बाभळीच्या खोडाला तोंड घासून गळ सोडवला आणि मी चिखलात रुतले. अंगावर शेवाळाचा बुळबुळीत थर, शेजारी फाटकी प्लॅस्टिकची पिशवी आणि कुणीतरी आणून टाकलेलं कुजकं निर्माल्य. सहा महिने मी त्या घाणीत होते.

इकडे जुन्नरच्या बाजारात चांदभाईची थट्टा सुरू झाली. येडगावचा गेणभाऊ भर दुकानात म्हणायचा, "म्होरकी द्या, चांदभाऊ, पण बैल मरळीवानी जाणार न्हाई ना?" गिऱ्हाइकं प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघू लागली. काही जण न घेताच पुढं जाऊ लागले. कुशाबा आणि चांदभाई एकमेकांशी बोलेनासे झाले.

मे महिन्यात धरणाचं पाणी हटलं. उघड्या पडलेल्या गाळात गावचे लोक गाळपेर करतात. ठकूबाई आता हिंडूफिरू लागली होती. ती वाळकं लावायला वाफा उकरत होती आणि माझा गळ तिच्या लुगड्याला अडकला. तिनं मला पाण्यात धुतलं. स्नॅप गंजून लाल झाला होता. पण माझ्या वरच्या कडीला चांदभाईची गाठ जशीच्या तशी होती आणि तिच्याखाली दोन डाग होते. मोटरवाल्याची बायको ती, घरचा डाग तिला ओळखू येणार नाही होय?

तिनं मला कुशाबापुढे धरलं. "गाठ तर हितंच हाय. आन ह्यो डाग कुणाचा?"

कुशाबानं नजर चुकवली. "पौषात साहेब आलं व्हतं. दुसरी फिरकी बोटात धरून दावली, तवा कळलं मला."

"पौषात? आन तुमी आजपत्तोर गप?"

"चार लोकांत काय सांगू? माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

मित्रांनो, मी सहा महिने कुजक्या निर्माल्यात काढले, पण खरी ओकारी मला त्या वाक्यानं आली.

ठकूबाईनं पुढच्या बाजाराला एस.टी. धरली. चांदभाईच्या दुकानात गेणभाऊ होता, आणखी पाचसात गिऱ्हाइकं होती. तिनं आवाज चढवला, "समद्यांनी ऐका. चांदभाऊंची गाठ सुटली नव्हती. ही बघा. माझ्या नवऱ्यानं फिरकीला डाग दिला, म्हणून तंगूस तुटला. मरळ माझ्यासाठी धराया गेले व्हते, म्हणून सांगायचं काम बी माझं." आणि तिनं मला चांदभाईच्या तळहातावर ठेवलं. गेणभाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला.

चांदभाईनं गाठीवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा कुशाबाचा उद्धार करणार. पण तो म्हणाला, "वैनी, तब्येत कशी हाय आता? भाकरी जाती ना?" सहा महिने त्याला हे विचारायला दार नव्हतं. ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून मी त्याच्या दुकानात खिळ्याला आहे. कुणीतरी म्हणालं, डाग काढून टाकू, सोपं आहे. चांदभाई म्हणाला, "ज्यानं दिला त्यानंच काढावा." आता दोन हजार आठ साल चालू आहे. कुशाबा अजून आलेला नाही. सळई तर रोज तापवतो.

मित्रांनो, कुठं स्नॅप, कुठं फिरकी आणि कुठं नुसती गाठ, हे शिकायला एक सकाळ पुरते. न कळलं तर विचारा, चुकलात तरी जग बुडत नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या गाठीवर ढकलू नका. आणि ढकललीच असेल, तर जिथं चारचौघांत बोललात तिथंच जाऊन परत घ्या. माझा डाग वितळायला अर्धं मिनिट लागेल. येडगावहून जुन्नरला एस.टी. आहे आणि चांदभाईचं दुकान सकाळी आठला उघडतं.