नखाएवढा फुजी

आमच्या घरातून फुजी दिसतो, हे माझ्या नवऱ्याने गेल्या तेवीस वर्षांत जितक्या लोकांना सांगितलं असेल, तितक्या लोकांना मी माझं नावसुद्धा सांगितलेलं नाही. दिसतो म्हणजे कसा, तर नववा मजला, पश्चिमेची खिडकी, तिचा डावा कोपरा, महिना डिसेंबर ते फेब्रुवारी, वेळ सकाळी सात ते आठ, आणि तेही आदल्या दिवशी वारा सुटलेला असेल तर. एवढ्या अटी पाळल्या की गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि कचरा जाळायच्या कारखान्याची चिमणी यांच्या पलीकडे नखाएवढा पांढरा त्रिकोण दिसतो.

नवरा तादामिची कुसाकाबे लिफ्ट तपासनीस आहे. दिवसभर टोकियोतल्या उंच उंच इमारतींत असतो, पण लिफ्टच्या खड्ड्यात. त्यामुळे उंचीवरून त्याला जे काही दिसतं ते घरच्या खिडकीतूनच. दर डिसेंबरात तो त्या त्रिकोणाचा फोटो काढतो. तोच आमच्या नववर्षाच्या कार्डावर छापला जातो आणि एक तारखेला सकाळी सगळ्यांच्या पेटीत पडतो. सगळ्यांच्या म्हणायचं, पण कार्ड खरं एकाच माणसासाठी असतं. माझे थोरले दीर, सादाहारू.

दीर फुजीच्या पायथ्याशी राहतात आणि सासऱ्यांचं ऊदोनचं दुकान चालवतात. शेवया इतक्या जाड आणि चिवट की खाताना जबडा दुखतो, आणि लोक त्यासाठीच येतात. दोघा भावांनी मिळून दुकान पाहायचं असं ठरलं होतं. धाकटा टोकियोला निघून आला. पुढे पस्तीस वर्षांचं कर्ज काढून आम्ही हा फ्लॅट घेतला, तेव्हा दीर एवढंच म्हणाले, "घे बाबा. तिथे खिडकीतून काय दिसणार, दुसऱ्याची खिडकी."

तेव्हापासून दरवर्षी त्यांना उत्तर जातं. ज्याच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून अख्खा फुजी घरात शिरतो, त्याला नखाएवढा फुजी पाठवायचा. यावर मी कधी बोलले नाही. संसारात प्रत्येकाला एक वेड माफ असतं. माझं मी अजून वापरलेलं नाही.

यंदा मात्र फुजीच गेला.

तीन वर्षांपूर्वी बांधकाम कंपनीची माणसं कमरेत वाकत दारोदार फिरली आणि घरटी एकेक टॉवेल देऊन गेली. समोर एकेचाळीस मजले होणार म्हणाली. माहितीसभेला नवरा गेला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, ट्रक सकाळी आठच्या आधी सुरू होणार नाहीत ना. नाही म्हणाले, तेव्हा समाधानाने परतला. टॉवेल चांगला निघाला. त्याने आम्ही खिडकीच्या काचा पुसल्या. उन्हाळाभर हवा धुरकट असते, फुजी एरवीही दिसत नाही, म्हणून तो झाकला गेलाय हे आम्हाला कळलं थेट नोव्हेंबरच्या अखेरीस. हवा स्वच्छ झाली, नवऱ्याने कॅमेरा काढला, आणि चिमणीशेजारी राखाडी भिंत उभी.

"अगं, इकडे ये. हे कधी झालं?"

"तुम्हीच सही करून आलात की सभेत."

"ती हजेरीची सही होती."

"मग होतात ना हजर."

तीन दिवस तो गप्प जेवला. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "मागच्या वर्षीचा फोटो छापा. भाऊजींना काय कळणार?"

"मला कळेल."

"मग कार्ड पाठवणंच थांबवू. हल्ली लोक छापील कळवतात, यंदापासून रजा घेतो म्हणून."

"तो काय म्हणेल माहिती आहे? काही म्हणणार नाही. नुसता हसेल." मग म्हणाला, "तेवीस वर्षं मी त्याला हसू दिलं नाही."

सत्तावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा धाकट्या भावाचा. मी विषय सोडला.

त्याने नकाशा पसरला, पट्टी ठेवली, रेघा मारल्या. आमच्याच इमारतीच्या उत्तर टोकाच्या घरातून ती भिंत टाळून फुजी दिसायला हवा होता. त्या बाजूच्या खालच्या मजल्यांना हॉटेल आडवं येतं, तेव्हा उरला सगळ्यात वरचा, चौदावा. तिथे उत्सुगी-सान राहतात. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. अठरा वर्षं आम्ही त्यांच्याशी लिफ्टमध्ये फक्त हवामान बोललो होतो.

"तूच विचार," नवरा म्हणाला. "बाईमाणसाच्या घरात खिडकी मागायची म्हणजे."

मी संत्र्यांची पेटी घेऊन गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवूनही पंधरा मिनिटं थंडीवरच काढली. शेवटी म्हटलं, "यांना तुमच्या खिडकीतून फोटो काढायचा होता. फुजीचा."

उत्सुगी-सान संत्रं सोलायच्या थांबल्या. "तो तिकडे आहे?"

त्यांच्या खिडकीला जाड तपकिरी पडदा होता, भिंतीसारखा.

"राहायला आले तेव्हा दलाल काहीतरी म्हणाला होता खरा," त्या म्हणाल्या. "पण दुपारचं ऊन टीव्हीवर येतं. तलवारींच्या मालिकेत कोण मेलं तेच कळत नाही. म्हणून पडदा लावला. मग उघडायचा कोणी?"

"सकाळी पावणेसातला आलो तर चालेल?"

"मी चारला उठते. तुमच्यासाठी दिवस उशिरा सुरू करायचा का?"

वारा सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. नवऱ्याने टाय लावला होता. डोंगरासाठी की उत्सुगी-सानसाठी, ते मी विचारलं नाही. पडद्याच्या कड्या गंजून बसल्या होत्या; लिफ्ट तपासनिसाने त्या खिशातल्या तेलाने सोडवल्या. पडदा सरकला आणि खोलीत एकदम शहर आलं. गच्च्यांवर दहिवर, धुरांड्यांतून सरळ वर जाणारी वाफ, काचांवर नुकतं उतरलेलं ऊन, डावीकडे आमची ती राखाडी भिंत, आणि तिच्या कडेला, जेमतेम सुटलेला, गुलाबी फुजी.

उत्सुगी-साननी चष्मा शोधून लावला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "लहान आहे."

त्याने एकशे बारा फोटो काढले. त्यांनी आमच्यापुढे गरम मिसो सूपच्या वाट्या ठेवल्या आणि मला विचारलं, "इतके कशाला? हलतो का तो?"

घरी येऊन त्याने ती भिंत कापली. मग हॉटेल कापलं, चिमणी कापली, कापता कापता सगळ्या इमारती गेल्या आणि फुजी अंगठ्याएवढा झाला. दरवर्षी खाली 'आमच्या खिडकीतून' असं असायचं. त्यावर त्याने अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेवटी 'आमच्या इमारतीतून' असं केलं. कार्डं चोवीस तारखेला टपालात टाकली.

एक तारखेला सकाळी दहाला फोन वाजला. दीर कधी फोन करत नाहीत. नवरा गुडघे मोडून ताठ बसला, मगच उचलला. दिरांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येतं.

"तादामिची, बरं आहे ना सगळं?"

"हो, दादा. नव्या वर्षाच्या..."

"ते राहू दे. इमारती कुठे गेल्या?"

"कुठल्या इमारती?"

"कार्डावरच्या. दरवर्षी असतात त्या. यंदा नुसता डोंगर. तो माझ्या दाराबाहेर उभा आहे, तो मला कशाला पाठवलास? नोकरी गेली का? घर विकलंस?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "दादा, कार्डावर दरवर्षी फुजीच असतो."

"कुठे?"

"चिमणीच्या उजवीकडे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग दीर म्हणाले, "आहे खरा. मला वाटायचं छपाईत कागद कोरा राहतो तिथे."

"तुम्ही ठेवलीत कार्डं?"

"शेवयांच्या पातेल्यामागच्या भिंतीला लावलीत, ओळीने. वाफेने वाकडी झालीत जरा. फुजी बघायला येणारं गिऱ्हाईक विचारतं, हे कुठलं? मी सांगतो, माझा भाऊ यातल्या लिफ्टा सांभाळतो, तो नसेल तर सगळे जिन्याने जातील. कुठली कुठली तुझी ते मी अंदाजाने दाखवतो. नीट कळव एकदा."

नवऱ्याने खिडकीकडे पाहिलं.

"आता एक नवीन झाली आहे. अगदी समोर. एकेचाळीस मजले."

"मग तीच पाठवायची ना. लिफ्टा किती?"

"बारा. त्यातल्या दोन सामानाच्या."

"बारा," दीर म्हणाले, आणि मग फोनबाहेर, जाऊबाईंना, "अगं, बारा आहेत म्हणतोय."

फोन ठेवून नवरा कॅमेरा घेऊन खिडकीशी गेला. पण ती इमारत इतकी जवळ होती की एका फोटोत मावेना. वरचे मजले आले की खालचे जात. त्याने खिडकी पूर्ण उघडली आणि बाहेर वाकला. बाहेर चार अंश होते.

"अहो, खाली रस्त्यावर जाऊन काढा की."

"रस्त्यावरून कोणीही काढेल," तो बाहेरूनच म्हणाला. "तू मागून धर मला."

मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि पाय भिंतीला टेकवून उभी राहिले.